साठ सुयांपुरती खोली

२ जानेवारी १९८७, धुळे

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणून लिहितो. निंबा पाटील, चक्कीवाला, साक्रीच्या पुढचं गाव. पेशंटचं नाव बेबाबाई, वय बत्तीस, माझी बायको. आजार टी.बी. लिहायला हात धजत नव्हता, पण लिहिलं एकदाचं.

डायरी बियाण्यांच्या कंपनीची. भाऊ चुडामण तिची पानं फाडून चक्कीवर तंबाखूच्या पुड्या बांधत होता, त्याच्या हातून हिसकावून आणली. डॉक्टर म्हणाले, रोजची सुई रोज लिहून ठेवा, एकसुद्धा चुकली नाही पाहिजे. साठ सुया. दोन महिने, रोज एक, शिवाय मूठभर गोळ्या. त्यानंतर नुसत्या गोळ्या, त्या घरी घेतल्या तरी चालतील.

मी म्हटलं, "मग उद्यापासून टोचा."

ते म्हणाले, "राहता कुठे? गावाहून रोज येणार का? ही फाट्यापर्यंत चालू शकत नाही. आधी धुळ्यात राहायची सोय करा, मग सुरू करू. अर्धवट सोडलं तर पुढे हीच औषधं लागू पडत नाहीत. मग माझ्या हातात काही नाही."

आणखी बरंच सांगितलं. तोंडाला पदर लावायचा, थुंकी डब्यात, अंडी-दूध खायचं, जड उचलायचं नाही, लहान मुलांना दीड महिना तरी जवळ घ्यायचं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ते शेवटचं मी नीट ऐकलंही नाही. बेबा मात्र मान हलवत होती.

३ जानेवारी

काल मगनकडे उतरलो. मगन माझा चुलतभाऊ, इथे कापडगिरणीत आहे. त्याची बायको कमल, तिने हौसेने चहा केला, भाकरी वाढली. रात्री काही बोललो नाही. सकाळी मगनला बाजूला घेऊन कानात सांगितलं. पण माझा आवाज! चक्कीच्या घरघराटात पंधरा वर्षं ओरडून ओरडून हळू बोलायचं विसरलोय मी. कमल चुलीपाशी होती, तिने सगळं ऐकलं.

बेबा ज्या पेल्यात चहा प्यायली तो पेला तिने चिमट्याने उचलला आणि राखेत टाकला. चिमट्याने! मग पदर सावरत म्हणाली, "भाऊजी, आमची जागा कमी पडते हो." काल रात्री पुरत होती.

मगन खाली मान घालून पायजम्याची नाडी बांधत राहिला. मला इतका राग आला की पिशवी उचलली आणि निघालो. बेबा मागून म्हणाली, "तिनं काय चुकनं? तिना घरमा पोरंसोरं शेतस." हिला कोणाचा राग येतच नाही. ही एक वेगळीच कटकट आहे.

४ जानेवारी

आज अकरा घरं पाहिली. गल्ली नंबर दोनपासून सुरुवात केली ती पाचपर्यंत. धुळ्याच्या गल्ल्या नंबरवार आहेत ते एक बरं, कुठे नाही म्हणाले ते लक्षात राहतं.

खोली दवाखान्यापासून चालत जाण्याइतकी जवळ पाहिजे, म्हणून गावाच्या मध्यावरच शोधतोय. मध्यावरचे घरमालक म्हणजे काय सांगू! कोण गावचे, कोण लोक, मटण खाता का, माणसं किती, पाणी किती लागेल, पाहुणे येतात का. माझ्या सासऱ्याने मुलगी देताना इतकं विचारलं नव्हतं. आणि सगळं झालं की शेवटी विचारणार, "धुळ्यात कशासाठी?"

पहिल्या ठिकाणी खरं सांगितलं. दार लावलं. दुसऱ्या ठिकाणीही खरं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "पायरीवरून उठवा तिला आधी." तिसऱ्या ठिकाणी कावीळ म्हणून सांगितलं, तर म्हणे कावीळ पसरते. चौथ्या ठिकाणी नुसतं "पोटदुखी" म्हटलं आणि नेमका त्याच वेळी बेबाला खोकला आला. असा आला की संपेचना.

रात्रीसाठी कालपासून स्टँडमागच्या धर्मशाळेत एक कोपरा मिळालाय. तिथे तीन दिवसांवर ठेवत नाहीत.

बेबा म्हणते, "मी घर जास. बठ्ठं पुरं व्हयनं." सगळं पुरे झालं म्हणे. मी ओरडलो तिच्यावर. घरी जाऊन काय करशील, मरशील? असंच म्हणालो, चार माणसांत. ती हसली. तिच्या गालाची हाडं आता हसताना वर येतात. मला भीती वाटते. आजवर कोणाला सांगितलं नाही, इथे लिहितो. मला फार भीती वाटते.

५ जानेवारी

खोली मिळाली! गल्ली नंबर चार, पाच कंदील चौकापासून हाकेच्या अंतरावर. आणि खरं बोलून मिळाली. जगात माणुसकी आहे बाबा.

घरमालकीण वच्छलाबाई. सगळी गल्ली अक्का म्हणते. साठीच्या असतील, आवाज माझ्याहून मोठा. नवरा आबा, त्यांना ऐकू येत नाही, ओट्यावर बसून असतात. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सून लता, आणि तिचा नऊ महिन्यांचा मुलगा भिकन. चौकाच्या एका अंगाला त्यांचं घर, दुसऱ्या अंगाला आमची खोली. नळ चौकातच.

मी अक्कांशी बोलत होतो आणि बेबा गटारीपाशी वाकून ओकत होती. खोकल्याची उबळ आली की तिला अशी ओकारी होते. मी म्हटलं, गेली ही पण खोली. अक्कांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बाईंना काही आहे का?"

आता लपवून काय फायदा? मी म्हटलं, "आहे, अक्का. खोटं कशाला बोलू."

"कितवा?"

"तिसरा महिना चालू आहे." दिवाळीपासूनचा खोकला, म्हणजे तिसराच.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"चौदा."

"अगं बाई! चौदा? आणि आत्ता?"

"उशीरच झाला अक्का. आधी भगत केला, मग देवाधर्माचं केलं, आता डॉक्टर. रोज सुई घ्यायला सांगितलीय, दोन महिने. जड उचलायचं नाही, नीट खायचं."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या बाईच्या डोळ्यांत आमच्यासाठी पाणी! म्हणाल्या, "राहा इथे. अशा बाईला कुणी दारातून परत पाठवतं का? पाप लागेल मला. भाड्याचं मागाहून पाहू."

मी त्यांचे पायच धरले. देवमाणूस. उद्या पहिली सुई.

७ जानेवारी. सुई २

काल लिहिलं नाही. लिहवेना.

काल सकाळी अक्का वाटीभर चिंच आणि गूळ घेऊन आल्या. बेबाला म्हणाल्या, "घे पोरी, लाजू नको. मलाही भिकनच्या बापाच्या वेळी चिंचेशिवाय सुचत नव्हतं." आणि तिच्या पोटाकडे बघून कडाकडा बोटं मोडली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंना काही आहे का. कितवा. अरे देवा! मी पण कसला गाढव. आख्ख्या खानदेशात बायका असंच विचारतात, माझी आई असंच विचारायची. पण चौदा वर्षं हा प्रश्न आमच्या घराकडे फिरकलाच नव्हता, मग मला कसा कळणार?

बेबाने माझ्याकडे पाहिलं. अक्का गेल्यावर तिने विचारलं, "तुम्हीन काय सांगं तिले?" मी सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी वाट पाहिली की रडेल, भांडेल. तासाभराने म्हणाली, "जा आनी खरं सांगा."

मी गेलो होतो. शपथ. चौकात मधोमध उभा राहिलो. अक्का भिकनला तेल लावत होत्या, पोरगं पाय झाडत होतं. मला बघून त्या म्हणाल्या, "काय रे, काही हवं का?" मी म्हटलं, "बादली हवी." बादली घेऊन परत आलो.

बेबाला म्हटलं, साठ सुया. फक्त साठ होईस्तोवर. मग आपण निघून जाऊ, कुणाचं काही बिघडणार नाही. तुला टिकवायचंय मला, बाकी गेलं खड्ड्यात. ती म्हणाली, "साठ. साठना वर एक बी नही." चिंचेची वाटी तिने उंबऱ्याबाहेर सरकवून ठेवली.

१४ जानेवारी. सुई ९

संक्रांत. शेजारच्या सुमनबाईंकडे हळदीकुंकू. अक्का बेबाला ओढूनच घेऊन गेल्या. परत आली तेव्हा हातात तिळगूळ, डोक्यात गजरा. विचारलं, कशी बसलीस? म्हणाली, दारातच बसले, बाकीच्यांनी आत बोलावलं तर म्हटलं मला गरगरतं. बायकांनी चिडवलं म्हणे, मुलगा की मुलगी. तू काय म्हणालीस? "काहीच नही. हसनू." ती हसली होती हे खरं असणार, कारण घरी आल्यावरही चेहऱ्यावर होतं.

खोकला दाबून ठेवते, उशीत तोंड घालते. अक्कांना थंडीचा वाटतो. त्यांनी आल्याचा काढा धाडला.

१७ जानेवारी. सुई १२

वजन दीड किलोने वाढलं! काटा बघून मी दवाखान्यात एवढ्याने ओरडलो की सिस्टर दचकली. अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वाढणारच, दोघांचं खायचंय तिला." मी हो म्हटलं. किती सहज हो म्हणतो मी आजकाल.

आज अक्कांनी विचारलं, चिंच संपली का, आणू का आणखी? मी तोंड उघडायच्या आत बेबा म्हणाली, "माले आंबट नको अक्का, तिखट जोयजे. लसूण-मिरचीनी चटणी." अक्का खूश. म्हणे तिखट म्हणजे मुलगी.

हे बेबाला कोणी शिकवलं? मी तर नाही. रात्री जेवताना तीच चटणी तिने मिटक्या मारत खाल्ली. मला वाटलं होतं की हा खोटेपणा तिला खात असेल. उलट ती त्यात पाय पसरून बसलीय. बरंच आहे म्हणा, आपलं काम सोपं होतं. पण मला काहीतरी चुकल्यासारखं होतं, काय ते सांगता येत नाही.

२० जानेवारी. सुई १५

आज भांडण झालं. आमचं, दोघांचं.

अक्का आणि लता देवळात निघाल्या होत्या. लताने भिकनला आणलं आणि बेबाला म्हणाली, "वहिनी, अर्धा तास घ्याल का याला?" साधी गोष्ट. ज्यांच्या जिवावर राहतो त्यांचं पोर अर्धा तास धरायचं. तर ही दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, नाही जमणार. असं तोंडावर! लताचं तोंड एवढंसं झालं. अक्कांच्या भुवया वर गेल्या. पोटुशी बाई पोर घ्यायला नाही म्हणते, हे कुठे ऐकलंय का?

मी घरात येऊन हिला फाडफाड बोललो. माणुसघाणी कधीपासून झालीस? गावात तर दुसऱ्यांची शेंबडी पोरं काखेत घेऊन फिरायचीस. ती उठली. गोळ्या घेतल्या आणि झोपून गेली.

२४ जानेवारी. सुई १९

भिकन चौकभर रांगत असतो. आज रांगत रांगत आमच्या उंबऱ्याशी आला आणि हात टेकून आत बघायला लागला. बेबा भाकरी करत होती. तिने परात सोडली आणि मागे मागे सरकत थेट पलीकडच्या भिंतीला पाठ लावली. तिथून तोंडावर पदर घट्ट धरून त्याला टाळ्या वाजवून दाखवते, डोळे मिचकावते, बोटांची चिमणी करते. पोरगं खिदळतंय. तो उंबरा ओलांडायला लागला तसा तिने पाट उभा केला आणि लांबूनच पायाने ढकलून दारात आडवा लावला. पाटाच्या अलीकडे ही, पलीकडे तो, असा खेळ पाऊण तास चालला. भाकरी करपली.

घ्यायचं तर नाही, आणि लांबून कौतुक मात्र हे एवढं! बायकांचं डोकं परमेश्वरालाच ठाऊक. नळावर लता उभी होती. हंडा भरून वाहत होता तरी तिचं लक्ष नव्हतं, पाटाकडे बघत होती.

त्या पोराचं नाव भिकन का, ते आज अक्कांनी सांगितलं. लताची आधीची दोन गेली. एक आठ दिवसांचं, एक दीड वर्षाचं. म्हणून हा झाल्या झाल्या पाच घरी भीक मागितली आणि नाव भिकन ठेवलं, म्हणजे नजर लागत नाही.

२७ जानेवारी. सुई २२

संकट. अक्का म्हणाल्या, तिसरा सरत आला, गुरुवारी चोरओटी भरू. गाजावाजा नाही, फक्त त्या, लता आणि सुमनबाई. तिला सासू नाही, आई नाही, मग कोण भरणार? आम्हीच भरणार. खण आणला, नारळ आणला, सगळी तयारी करून मग मला सांगतायत.

मी म्हटलं, अक्का, आमच्यात तशी पद्धत नाही. त्या म्हणाल्या, "चल, थापा मारू नकोस. साक्रीकडच्या सुना आहेत माझ्या माहेरी." थापा मारू नकोस!

बेबाला सांगितलं. वाटलं होतं की आता ही भडकेल. तिने फक्त विचारलं, "हिरवा खण शे का?" मी म्हटलं, हो, हिरवाच आहे. संध्याकाळी तिने केस धुतले. ओटी तर परवा आहे.

चौदा वर्षांत तिच्या जावांच्या ओट्या भरल्या, नणंदांच्या भरल्या. प्रत्येक वेळी हिला कामाला स्वयंपाकघरात बसवायचे, समोर यायचं नाही म्हणून. मला माहीत होतं. मी कधी काही बोललो नाही, मला काय बोलायचं ते कळायचं नाही.

२९ जानेवारी. सुई २४

धर्मशाळेत बसून लिहितोय. कोपरा तोच आहे.

पुरुषांनी थांबायचं नसतं, म्हणून मी पायरीवर आबांजवळ बसलो होतो. दार लोटलेलं, पण फट होती. बेबा पाटावर बसली होती, पूर्वेला तोंड, अंगावर लग्नातलं लुगडं. अक्कांनी हळदकुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरवा खण घातला. बेबाने दोन्ही हातांनी पदर असा धरला होता की जणू एक दाणा सांडला तर जीव जाईल. मी तिचा असा चेहरा कधी पाहिला नाही. लग्नातही नाही. मी बाहेर बसून रडत होतो आणि आबा मला विचारत होते, डोळ्यात कचरा गेला का.

मग अक्का म्हणाल्या, "लता, आण गं भिकनला. ओटी भरली की मांडीवर मुलगा द्यायचा, म्हणजे मुलगाच होतो."

लताने पोराला आणलं. बेबा म्हणाली, "नको." अक्का हसल्या, "लाजते काय! घे." बेबाने गुडघे छातीशी घेतले. "नको अक्का. त्याले मन्हाजोडे आनू नका." सुमनबाई म्हणाल्या, अपशकुन करू नको गं. अक्कांनी भिकनला लताकडून घेतलं आणि बेबाच्या मांडीवर ठेवायला वाकल्या. पोराने आधीच दोन्ही हात पुढे केलेले, तो तर तिला ओळखतोच.

बेबा एकदम उठून उभी राहिली. भिंतीला टेकली, तोंडावर पदर दाबला आणि त्या पदरातूनच म्हणाली, "मन्हा पोटमा काहीच नही शे, अक्का. जे शे ते छातीमा शे. माले टी.बी. शे."

लताने किंचाळून पोर ओढून घेतलं आणि चौकात पळाली.

अक्कांनी मला आत बोलावलं. मी सांगायला गेलो की अक्का, तुम्ही विचारलंत त्याचा मी वेगळाच अर्थ, आधी मला खरंच कळलं नव्हतं. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "आधीचं सोड. नंतर कळलं ना? कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि माझं नातवंड तेवीस दिवस तुझ्या उंबऱ्यात रांगतंय."

बेबा ओटीतलं एकेक काढून ताटात ठेवायला लागली, तशा अक्का तिच्यावर खेकसल्या, "राहू दे ते! भरलेली ओटी परत घेत नाही मी. घेऊन जा. पण आत्ता निघा."

आत्ता म्हणजे आत्ताच. वीस मिनिटांत बोचकं बांधून आग्रा रोडवर आलो. मी रागाने आंधळा झालो होतो. रस्त्यातच तिला म्हणालो, एक मिनिट! एक मिनिट श्वास रोखून त्या पोराला मांडीवर घेतलं असतंस तर काय झालं असतं? छत्तीस सुया राहिल्यात. छत्तीस! कुठे घेणार आहेस त्या, माझ्या डोक्यावर?

ती थांबली. चालून धाप लागली होती. म्हणाली, "लतानी दोन देवले दिधात. तिसरं मन्हा हाते जाऊ देऊ का?"

तेव्हा कुठे मला दोन तारखेचं डॉक्टरांचं बोलणं आठवलं, लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. माझ्याच हाताने लिहिलंय वर, पहिल्या पानावर. पाट, भिंत, टाळ्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी तिला माणुसघाणी म्हणालो होतो. लाज वाटते लिहायला, पण लिहितो.

३० जानेवारी. सुई २५

सुई झाल्यावर तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसवलं आणि एकटा हिंडलो. आज ठरवलं होतं की प्रत्येक दारात आधी खरंच सांगायचं. माझ्या बायकोला टी.बी. आहे, पंचवीस सुया झाल्या आहेत, खोली पाहिजे. गल्ली नंबर एक ते सात. एकाने कुत्रं सोडलं. एका बाईने दारामागूनच सांगितलं, "कालच्या चारनंबरातले तेच ना तुम्ही?" म्हणजे बातमी माझ्या पुढे चालतेय.

धर्मशाळेवाल्याने उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली.

बेबा त्या ओटीचं बोचकं कोणाला उचलू देत नाही. मी म्हटलं, सगळं खोटंच होतं ना ते. म्हणाली, "खोटं व्हतं. पन मी पाटवर बसनू ना."

३१ जानेवारी. सुई २६

सकाळी मी हरलो. बेबाला म्हटलं, आजची सुई घे आणि दुपारच्या गाडीने गावाला जाऊ. जे होईल ते होईल. चौदा वर्षांचा संसार माझ्यासमोर बाकावर बसला होता, हातात केसपेपर धरून, आणि मी गाडीची वेळ बघत होतो. डॉक्टरांना सांगायला तोंड नव्हतं, म्हणून ठरवलं की न सांगताच जायचं.

सुई टोचून झाली. आम्ही बाहेर आलो तर रांगेत लता. कडेवर भिकन, सोबत आबा. तिला पाहून बेबा तिथेच थबकली आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, तोंडावर पदर. मीही तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी पोराला बराच वेळ तपासलं. लता बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. मला वाटलं, आता शिव्या देणार. माझी तयारी होती. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तसं काही दिसत नाही. आणखी एकदा दाखवायचं आहे. त्यांनी मला सारखं एकच विचारलं, तिने याला जवळ किती घेतलं, किती घेतलं." भिकन व्हरांड्याच्या त्या टोकाकडे बघून टाळ्या वाजवत होता.

मी म्हटलं, "लताताई, चूक माझी आहे. तिची नाही."

ती म्हणाली, "सासूबाई खोली देणार नाहीत. मी विचारून पाहिलं, आता पुन्हा विचारणार नाही. पण माझी आई इथेच, नदीपलीकडे देवपुरात राहते. एकटीच असते." आणि ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. आबांचा हात धरून ती निघून गेली.

बेबा लांबूनच विचारत होती, काय शे, काय लिखेल शे? तिला वाचता येत नाही. मी जवळ गेलो आणि वाचून दाखवलं. शब्द जसेच्या तसे इथे उतरवून ठेवतो.

"आईस सा. न. हे दोघे येत आहेत, त्यांना मागची खोली दे. बाईला टी.बी. आहे, अजून चौतीस सुया राहिल्या आहेत. तू घाबरू नको. ती पंचवीस दिवस माझ्या दाराशी राहिली आणि माझ्या भिकनला तिने एकदाही मांडीवर घेतलं नाही. तुझी लता."